उघाडी

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते.
आज षष्ठी. साडेचारला पाणी भरलं,
साडेदहाला पुरती सुकती.
हा हिशोब आईने शिकवला,
कालावलच्या खाडीत गुडघाभर चिखलात,
तिसऱ्या वेचता वेचता.

दुसरा हिशोब बांबोळीचा:
दर चार तासांनी,
तिथी कुठलीही असो.

दोन्ही घड्याळं आता माझ्याच अंगात
आणि त्यांचं आपसात पटत नाही.

क्षयाने आतली पिशवी आक्रसून
रातांब्याएवढी करून टाकली होती.
वीस मिनिटं झाली की उठायचं, रात्रीसुद्धा.
डॉक्टरांनी आतड्याचा तुकडा जोडून ती वाढवली,
तोकड्या झग्याला पट्टी जोडून वाढवतात तशी.
आणि अपेंडिक्स, आजवर नुसतं बसून खाल्लं ज्याने,
त्याची वाट केली
थेट बेंबीपर्यंत.

बेंबीच्या देठापासून ओरडतात लोक.
माझ्या बेंबीला खरोखरचा देठ आहे,
बोटभर,
मी त्यातून मुतते.

हा शब्द लिहायला मला सात महिने लागले.

आमच्या बांधाला उघाडी आहे.
लाकडी झडप, आत गोडं पाणी, बाहेर खारं.
सुकतीला आपसूक उघडते,
भरतीला समुद्रच दाबून बंद करतो.
सासरे होते तोवर रोज जाऊन
तिच्या फटीतलं शेवाळ काढायचे.
माझ्याही नळीत पहिल्या आठवड्यात
पांढरं शेवाळासारखं काहीतरी आलं. मी घाबरले.
एफिजिना सिस्टर म्हणाली, आतडंच ते,
काम बदललंय हे त्याला अजून कळलेलं नाही.

मलाही कुठे कळलं होतं.

घरी आल्यावर आठव्या रात्री वीज गेली.
लवू टॉर्च धरून भिंतीकडे बघत उभा.
नळी दोन बोटं गेली आणि अडली.
ढकलली तर आतून कुणी मूठ आवळावी
तशी वाट आवळली.
पोट दगड. कपाळाला घाम.
भियेनाका, सिस्टर म्हणायची,
श्वास सोड, जरा खोक.
मी खोकले.
लवूही खोकला, का कोण जाणे.
आणि नळी सरकली,
बादलीत धार वाजायला लागली.
आम्ही दोघंही काही बोललो नाही.

माझ्या बेंबीवर त्याने अजून हात ठेवलेला नाही.
मीही ठेव म्हटलेलं नाही.

बायकांना धरून ठेवायला वेगळं शिकवावं लागत नाही.
बाजारात धरलं, लग्नांत धरलं,
स्टँडवरच्या कुलपाची चावी कुणाकडे ते विचारायच्या लाजेने धरलं,
काळोख पडेपर्यंत धरलं.
आता डॉक्टर म्हणतात, धरू नका, फुटेल.
एवढ्या वर्षांत
हे सांगणारे ते पहिलेच.

आज सकाळी चिखलात मोबाईल वाजला.
काठ लांब. झाड नाही, आडोसा नाही.
बाटलीतल्या पाण्याने हात धुतले, साबण लावून, दोनदा.
साबणाच्या डबीतून नळी काढली,
पदर जरा सरकवला.
बेंबी तिथेच होती.
बसावं लागलं नाही, साडी वर घ्यावी लागली नाही.
उभी होते मी,
सुकतीच्या पाण्याकडे तोंड करून,
सेहेचाळीस वर्षांत पहिल्यांदा उभी.
धार बारीक होती. हात थरथरत होते,
ते अजून थरथरतात.

मागून सुंद्रीकाकीने विचारलं,
"ह्या काय गो?"

उघाडी, मी म्हटलं.

ती बघत राहिली. नळीकडे, मग माझ्याकडे.
तिचंही वय झालंय, गुडघे एकमेकांना चिकटवून चालते,
का ते आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे.

"बरा आसा," म्हणाली.
"चल, पाणी चढाक लागला."

टोपलीत तिसऱ्या अर्ध्याच होत्या.